नवा घेतलेला रिफर्बिश्ड लॅपटॉप सारखा बंद पडतोय: दोष शोधायचा कुठून?

ताई, आता फॉर्मॅट मारणं थांबवा. दोनदा मारून झालंय. तिसऱ्यांदा मारून मशीन सुधारणार तर नाहीच, उलट ते कधी आणि कशाने बंद पडलं याच्या ज्या नोंदी विंडोज स्वतःहून ठेवतं, त्या पुसल्या जातील. दुकानदाराशी बोलताना तोच तुमचा पुरावा आहे.

बाकीच्यांनाही कळावं म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. चोपडा तालुक्यात तुमचं सेवा केंद्र आहे. दाखले, सातबारा, पीकविम्याचे अर्ज यासाठी ऑफिसातून निघालेला, दुरुस्त करून पुन्हा विकलेला (रिफर्बिश्ड) लॅपटॉप घेतला: आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी), ५१२ जीबी एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क). दुकानदाराने सहा महिन्यांची वॉरंटी लिहून दिली. पहिल्या आठवड्यापासून कधी निळी स्क्रीन येते, कधी काही न सांगता मशीन एकदम गप्प. निळ्या स्क्रीनवरचा मजकूर दर वेळी निराळा. सकाळी कमी, दुपारी जास्त. एकदा टेबलावरून उचलताना बंद पडला. दुकानदार म्हणतो, "तुमच्या गावात व्होल्टेजचा लोचा आहे, फॉर्मॅट मारून बघा." आणि तुम्ही विचारताय, परत करू की जळगावात कुणाकडून उघडून घेऊ?

जळगावात माझं हेच काम आहे, आणि अशा मशीनकडे बघताना मी एक गोष्ट धरून चालतो. हा लॅपटॉप एखाद्या कंपनीत तीन-चार वर्षं रोज आठ-दहा तास चाललेला असतो. त्याचा बोर्ड (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी), त्याचा प्रोसेसर कच्चा असता तर तिथेच गेला असता. कंपनीतून निघाल्यावर तो दिल्लीचं नेहरू प्लेस नाहीतर मुंबईचा लॅमिंग्टन रोड असल्या बाजारांतून फिरत आपल्याकडे येतो, आणि त्या वाटेत त्याला हात लागतात. कंपनी आपला डेटा बाहेर जाऊ नये म्हणून मूळ डिस्क काढून घेते, तिथे दुसरी एसएसडी बसते. ८ ची रॅम १६ होते. बॅटरी बदलते. मूळ चार्जर हरवलेला असतो, सोबत दुसराच येतो. वरून पॉलिश, नवे स्टिकर. म्हणून माझा संशय आधी नंतर बसवलेल्या वस्तूंवर. त्यातलं बहुतेक सगळं बदलता येतं, ही तुमच्या फायद्याची बाब.

आता व्होल्टेज. आपल्याकडे लाइट नाचते हे खरं, शेतीपंप एकदम सुरू झाले की बल्ब पिवळा पडतो हेही खरं. पण लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरात 'इनपुट १०० ते २४० व्होल्ट' असं लिहिलेलं असतं, ते वाचा. १६०-१७० व्होल्टवरही चांगला चार्जर निमूट काम करतो. शिवाय मध्ये बॅटरी असते. लाइट गेली तरी लॅपटॉप चालूच राहायला हवा. म्हणजे व्होल्टेजमुळे लॅपटॉप बंद पडत असेल तर त्याचा अर्थ बॅटरी मेलेली आहे, आणि तो दोष गावाचा नाही, विकलेल्या मालाचा आहे. दुकानदाराला हे शांतपणे सांगा.

तपासायला काही लागत नाही. बॅटरी पूर्ण भरा, चार्जर भिंतीतून काढा आणि नेहमीचं काम करा. बॅटरीवर तासभर नीट चाललं आणि चार्जर लावल्यावरच बंद पडायला लागलं, तर चार्जर किंवा त्याची पिन. बॅटरी ६० टक्के दाखवत असताना खाडकन बंद झालं तर बॅटरी. दोन्हीकडे सारखंच होत असेल तर वीज सोडा, आत बघायचं. बॅटरीचा लेखी हिशेबही विंडोज देतं: कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून स्लॅश आणि त्याला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाईप करा. एक फाइल तयार होते. त्यात मूळ क्षमता आणि आता भरणारी क्षमता असे दोन आकडे शेजारी असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर असेल तर 'नवी बॅटरी टाकलीय' या बोलण्याला अर्थ नाही. आणि टचपॅड वर आलेला वाटतोय का, त्याचं बटण दाबायला घट्ट झालंय का, खालचं झाकण टेबलावर डुगडुगतंय का, हेही बघा. तसं असेल तर बॅटरी फुगलीय. मग पुढचं काहीही न करता लॅपटॉप बंद करून ठेवायचा, चार्जिंगला अजिबात लावायचा नाही.

चार्जरवरचे वॅटही वाचा. या वर्गातल्या लॅपटॉपला साधारण ६५ वॅटचा लागतो, आणि सोबत ४५ चा किंवा बिननावाचा आलेला मी पुष्कळदा बघतो. हलकं काम असेपर्यंत चालतो. स्कॅनिंग, ब्राउझरच्या दहा-पंधरा टॅब आणि बॅटरीचं चार्जिंग एकदम आलं की दम टाकतो. डेलच्या गोल पिनवाल्या चार्जरमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. चार्जर किती वॅटचा आहे ते मशीनला तिच्यावरून कळतं. ती वाकली की मशीन चार्जर ओळखत नाही, बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम हळू चालतो. लोकांना वाटतं व्हायरस आला.

वीज बाजूला झाली की नोंदी वाचायच्या. स्टार्टमध्ये इंग्रजीत 'रिलायबिलिटी' टाईप केलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येतं. तारखेवार रकाने दिसतात, जिथे लाल फुली तिथे काहीतरी बिघडलं. फुलीवर क्लिक करा आणि एवढंच बघा: मशीन निळ्या स्क्रीनने पडलं की नुसतंच बंद झालं. हा फरक मोठा आहे. निळी स्क्रीन म्हणजे विंडोजला चूक कळली आणि त्याने स्वतः थांबायचं ठरवलं. तिथे रॅम, एसएसडी किंवा ड्रायव्हर (एखादा भाग किंवा यंत्र विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर). काही न लिहिता मशीन गेलं तर विंडोजला कळायच्या आधीच वीज तुटली; तिथे चार्जर, बॅटरी, उष्णता किंवा सैल जोडणी. विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर' या नोंदवहीत 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की लोक घाबरून फोटो पाठवतात. त्याचा अर्थ फक्त 'मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन झालं नव्हतं' इतकाच. ते तर आपल्याला माहीतच आहे.

तुमच्याकडे दोन्ही प्रकार घडताहेत. त्यामुळे मला इथे एक नाही, दोन दोष दिसताहेत, आणि दोनदा फॉर्मॅट मारूनही काही हाती न लागण्याचं कारण तेच असावं.

निळी स्क्रीन वाचायच्या आत निघून जात असेल तर अॅडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्जमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघडून 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढा. मग स्क्रीन तिथेच थांबेल. मोबाइलने फोटो काढा, वेळेसकट. 'मेमरी मॅनेजमेंट' आलं की रॅम. 'कर्नल डेटा इनपेज एरर' असेल तर बहुधा एसएसडी. 'व्हीया अनकरेक्टेबल एरर' म्हणजे खुद्द हार्डवेअरची तक्रार. 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' बहुतेक झोपेतून उठताना येतं, ते ड्रायव्हरचं. पण तुमच्यासारखा दर वेळी वेगळा मजकूर येत असेल, तर त्या वेगळेपणातच उत्तर आहे. एकच ड्रायव्हर खराब असेल तर तो पुन्हा पुन्हा तेच रडगाणं गातो. रॅम खराब असेल तर तिथे त्या क्षणी जे असेल ते मोडतं. आज ब्राउझर, उद्या प्रिंटर, परवा विंडोज स्वतः.

मशीन न उघडता, वॉरंटीचं स्टिकर न फाडता करता येईल अशी एक चाचणी सगळ्यांत मोलाची. एका पेनड्राइव्हवर उबंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाका, त्यावरून मशीन सुरू करा आणि 'ट्राय उबंटू' निवडा. यात काही इन्स्टॉल होत नाही, तुमच्या डेटाला धक्का लागत नाही. दुपारच्या वेळेला दोन-तीन तास त्यावर व्हिडिओ चालू ठेवा, ब्राउझर वापरा. तिथेही लॅपटॉप बंद पडला, तर विंडोज, व्हायरस, फॉर्मॅट हा सगळा विषय संपला, दोष हार्डवेअरचा. त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. 'सॉफ्टवेअर तुम्हीच बिघडवलं' म्हणायला दुकानदाराला मग तोंड राहत नाही.

रॅमसाठी मेमटेस्ट८६ हा तपासणी प्रोग्राम. हाही पेनड्राइव्हवरून चालतो, फुकट आवृत्तीत चार फेऱ्या होतात. १६ जीबीला काही तास लागतात, म्हणून रात्री लावून झोपा, चार्जर जोडलेला ठेवून. सकाळी स्क्रीनवर एरर शून्य हवेत. एक जरी लाल ओळ आली तरी रॅम किंवा तिची जागा बाद. 'एकच तर आहे, चालतंय' हा हिशेब रॅमला लागू नाही, कारण ती एक चूक तुमच्या एखाद्या अर्जदाराच्या खाते क्रमांकातही शिरू शकते. विंडोजमधली मेमरी डायग्नोस्टिक मी वरवरची चाळणी म्हणून वापरतो. तिने नापास केलं तर नापास, पण तिने पास केलं म्हणून पास धरत नाही.

त्याआधी सीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर उघडून 'एसपीडी' भागात दोन्ही स्लॉट बघा. १६ जीबी म्हणजे बहुधा ८-८ च्या दोन पट्ट्या. एक नामांकित कंपनीची २४०० वेगाची आणि दुसरी नाव-गाव नसलेली निघाली, तर संशय कुणावर ते सांगायला नको. वेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र चालतच नाहीत असं नाही. दोन्ही कमी वेगावर येऊन चालतात, कित्येक मशीन वर्षानुवर्षं तशी चालू आहेत. पण चाचणी न करता जोडलेल्या पट्ट्यांवर माझा भरवसा नाही. दुकानदाराच्या संमतीने झाकण उघडलं, तर एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये लावून मेमटेस्ट चालवायची. एक पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये एरर देत असेल तर पट्टी बदला. दोन्ही पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये एरर देत असतील तर स्लॉट, म्हणजे बोर्ड, आणि मग मशीन परत. काही मॉडेलमध्ये एक रॅम बोर्डावरच डाक दिलेली असते; ती खराब निघाली तरी परतच. पट्टीचे सोनेरी दात खोडरबरने घासायचा आपल्याकडचा रिवाज आहे. हलक्या हाताने चालतो, पण भुसा आत पडू देऊ नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड त्याहून बरं. कित्येकदा पट्टी खराब नसतेच, नीट बसलेली नसते. तिरकी सरकवून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या कड्या 'टक' करून बसल्या पाहिजेत. एका बाजूचा टक ऐकू आला नाही, तर असं मशीन टेबलावर चालतं आणि उचललं की बंद पडतं.

उचलताना बंद पडलं म्हणालात ना? रॅमखालोखाल माझी नजर बॅटरीच्या कनेक्टरवर जाईल. बॅटरी बदलताना तो अर्धवट बसलेला असतो, आणि झाकण लावलं की कुणाला दिसत नाही.

आता दुपारी जास्त का बंद पडतं ते. बहुतेक ऑफिस मॉडेलच्या माहितीपत्रकात वापराची हवा ३५ डिग्रीपर्यंत धरलेली असते. आपल्याकडे जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री होतात, आणि पत्र्याच्या खोलीतल्या केंद्रात काय होत असेल ते तुम्ही रोज अनुभवता. तरीही नुसत्या उन्हाळ्याने चांगलं मशीन एकदम बंद पडत नाही. इंटेलचे बहुतेक प्रोसेसर १०० डिग्रीच्या आसपास पोचले की आधी स्वतःचा वेग कमी करतात; काम संथ होतं, पंखा ओरडतो. तेवढ्यानेही भागलं नाही तरच वीज तोडतात. मशीन संथ न होता थेट बंद पडत असेल तर आत हवा खेळण्यात किंवा प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणाऱ्या पेस्टमध्ये काहीतरी ठार चुकलंय. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून आकडे बघा. काही काम नसताना ५०-६० आणि कामाला ८०-८५ असेल तर आपल्या हवेला ठीक. रिकामं बसलेलं असतानाच ८० असेल तर उघडायला हवं.

उघडल्यावर काय दिसतं? पंख्याची पाती स्वच्छ पुसलेली असतात, कारण रिफर्बिश करणाऱ्याने ब्रश तेवढाच फिरवलेला असतो. पण पंखा आणि तांब्याची बारीक जाळी यांच्या मधल्या फटीत कापसाचे तंतू आणि धूळ दाबून बसून करड्या रंगाची पट्टी तयार झालेली असते. चिमट्याने एका टोकाला धरून ओढली तर अख्खी निघते. धरणगाव, चोपडा, शहादा, जिथे जिनिंग जवळ आहे तिथल्या लॅपटॉपमध्ये ही पट्टी लवकर बनते. बाहेरून ब्लोअर मारून ती निघत नाही, आत घट्ट होते. पंखा खोलूनच काढायची. तिथेच प्रोसेसरवरची पेस्ट बघायची: वाळून खडूसारखी झालीय का, की नवी म्हणून स्वस्तातली पांढरी भरमसाट थापलीय. हीटसिंकच्या (प्रोसेसरवर बसणाऱ्या, उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) स्क्रूंजवळ आकडे कोरलेले असतात, ते त्याच क्रमाने आवळायचे. चारपैकी एखादा स्क्रू गायब असलेली मशीनही येतात. ते मशीन गार कसं राहणार?

एक अगदी आपल्याकडची खोड: उकडतंय म्हणून लॅपटॉप पाण्याच्या कूलरसमोर ठेवू नका. ती दमट हवा आणि कधीमधी उडणारे थेंब सरळ पंख्यातून बोर्डावर जातात. बाजूला ठेवा, खाली दोन पट्ट्या लावून तळ उंच करा. गादीवर तर नकोच.

एसएसडीचं लवकर उरकतो. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये हेल्थ आणि वापराचे तास बघा. 'नवी' म्हणून दिलेल्या डिस्कवर हजारो तास असतील तर पकडता येतं. पण हेल्थ १०० टक्के दाखवते म्हणजे डिस्क चांगली असं नाही. हलक्या डिस्क हा आकडा वाटेल तसा देतात. जास्त खात्रीची खूण वेगळी आहे. मशीन बंद पडल्यावर लगेच सुरू केलं की 'बूट डिव्हाइस नॉट फाउंड' येतं आणि पूर्ण बंद करून पाच मिनिटांनी चालू केलं की जणू काही झालंच नाही, असं होतंय का? तर एसएसडी मध्येच गायब होतेय. बदलून मागा.

विंडोजबद्दल बोलायलाच हवं, कारण तुमच्याकडे लोकांचे आधार आणि बँकेचे कागद येतात. दुकानाच्या पेनड्राइव्हवरचं, अॅक्टिव्हेटर मारलेलं (परवाना चुकवलेलं), 'लाइट' केलेलं (भाग काढून हलकं केलेलं) विंडोज अशा केंद्रात चालवूच नका. क्रॅशपेक्षा तो मोठा धोका आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचा आठव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ ला अधिकृतपणे चालतो. ऑफिस मॉडेलच्या बोर्डातच बहुधा मूळ विंडोजचा परवाना नोंदलेला असतो; मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेनड्राइव्ह बनवून टाकलं तर जुळणारी आवृत्ती आपोआप अॅक्टिव्हेट होते. हे मात्र रॅमची चाचणी पास झाल्यावर करायचं. खराब रॅमवर टाकलेलं विंडोज जन्मतःच मोडकं असतं. ड्रायव्हर आणि बायोसचं (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, तळाच्या सिरियल नंबरने शोधून घ्या. ड्रायव्हर शोधून देणारी फुकट सॉफ्टवेअरं नकोत. अंगठ्याचं बायोमेट्रिक मशीन, जुना प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन यांचे जुने ड्रायव्हरही निळी स्क्रीन देतात. एक दिवस यातलं काहीही न जोडता लॅपटॉप चालवून बघा.

परत करायचा की उघडायचा? वॉरंटी चालू आहे तोवर दुकानदाराला न विचारता कुणालाही, अगदी मलाही, उघडू देऊ नका. स्टिकर फाटलं की तुमची बाजू लंगडी पडते. व्हॉट्सअॅपवर तारीखवार तक्रार लिहा, फोटो आणि व्हिडिओ जोडा. नुसत्या फोनवर बोलू नका. बिलावर सिरियल नंबर आहे का बघा, आणि तो तळावरच्या व बायोसमधल्या नंबराशी जुळतो का तेही. रॅम, एसएसडी, चार्जर, बॅटरी यांतलं काही निघालं तर बदलून घ्या आणि मशीन ठेवा. आठव्या पिढीचं ऑफिस मॉडेल तुमच्या कामाला अजून बरीच वर्षं पुरेल. बोर्डाचा दोष निघाला तर 'गरम करून, चिप बसवून देतो' याला होकार देऊ नका. ते काही आठवडे चालतं आणि तोवर वॉरंटी सरते. मशीन बदलून किंवा पैसे परत. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. जुना माल म्हणून विकला तरी वॉरंटी लिहून दिली की ती पाळावी लागते.

तुम्ही आज रात्री मेमटेस्ट लावा. सकाळी त्याचा फोटो, सीपीयू-झेडमधल्या दोन्ही स्लॉटचे फोटो आणि चार्जरच्या स्टिकरचा, वॅट वाचता येतील असा फोटो इथेच टाका. दुकानदाराला नेमकं काय बदलून मागायचं ते त्यावरून सांगतो.